आतून घेतलेलं माप

आमच्याकडे बायका शिंप्याला माप देत नाहीत, मापाचा ब्लाऊज देतात. टेप घेऊन कुणी आपल्या अंगाभोवती फिरावं हे माझ्या आईच्या पिढीला रुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही पिढीला फारसं नाही. अंगाला नीट बसणारा एखादा जुना ब्लाऊज पिशवीत घालून द्यायचा आणि वर सांगायचं, "दंडात अर्धा इंच सैल ठेवा, माया भरपूर सोडा." शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या त्या जास्तीच्या कापडावर बाईचं पुढचं सगळं आयुष्य काढायचं असतं. पहिल्या बाळंतपणानंतर एक टीप उसवायची, दुसऱ्यानंतर आणखी एक. आजारपणात अंग उतरलं की पुन्हा आतून टीप मारायची. आई गेल्यावर तिची ट्रंक आवरताना मी तिचे ब्लाऊज उलटे करून पाहिले. बाहेरून विटलेला खण, आणि आत उसवलेल्या टिपांच्या भोकांच्या ओळींवर ओळी. तिच्या देहाचं इतकं खरं शिल्प मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि ते पोकळ होतं.

हे मला सुचायला बरीच वर्षं जावी लागली, कारण शिल्प म्हणजे भरीव असाच माझा समज होता. बारामतीजवळच्या माळेगावसारख्या गावात राहून शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईचा दुसरा काय समज असणार? पुतळा म्हटलं की आपल्यापुढे घोडा उभा राहतो, नाहीतर चौकात हात उंचावलेला माणूस. बाईचा पुतळा असलाच तर तिच्या हातात पिंड तरी असते, पुस्तक तरी, नाहीतर शेजारी मूल. कोल्हापुरात कावळा नाक्यावर रवींद्र मेस्त्रींनी घडवलेल्या ताराराणी मात्र मागच्या दोन पायांवर उठलेल्या घोड्यावर बसून तलवार चालवतात. तिकडून जाताना मी एसटीच्या खिडकीतून मान वळवून पाहत राहते. पण तो अपवाद.

मराठी शिल्पकलेतली सगळ्यात गाजलेली बाई या कुणाहून वेगळी आहे. गणपतराव म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी'. 1896 साली, विशीच्या आसपासच्या म्हात्र्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी असताना ती प्लास्टरमध्ये केली. नऊवारी नेसलेली, पूजेचं साहित्य घेऊन देवळाच्या वाटेवर निघालेली तरुणी. पुण्यात चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा (एटीडी) करत असताना आमच्या वर्गाला तिच्याबद्दल भरभरून शिकवलं गेलं: वस्त्राच्या चुण्या, चुण्यांखालून जाणवणारा पायाचा डौल, चालीतली लय. ते सगळं खरं आहे. म्हात्र्यांच्या हातात जादू होती याबद्दल मला आजही शंका नाही. फक्त ती पोरगी चालताना तिला काय वाटतंय हे त्या प्लास्टरला ठाऊक नाही. नऊवारीचा काष्टा दिवसभर कुठे काचतो, वाटेवर कोण उभं असेल म्हणून पदर कसा सावरावा लागतो, पाळी चालू असेल तर देवळात जाण्याआधी मनात काय चालतं, यातलं काहीच त्या चुण्यांमध्ये नाही. ते असायला माप आतून घ्यावं लागतं, आणि म्हात्रे बाहेर उभे होते. त्यात त्यांचा दोष नाही. बाहेर उभे राहून जितकं दिसतं तितकं त्यांनी अप्रतिम पाहिलं.

त्याच काळात आमच्या एका सरांनी वर्गातल्या मुलींना सल्ला दिला होता की शिल्पकलेच्या वाटेला जाऊ नका. लोखंडी सांगाडे उचलायचे, प्लास्टरची पोती ओढायची, छिन्नी-हातोडा चालवायचा. मुलींच्या शरीराला झेपत नाही. सर भले होते, आमच्या काळजीनंच बोलले. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. सुट्टीत घरी आले तेव्हा नीरा डाव्या कालव्याच्या कडेला ऊसतोड चालू होती. एक बाई तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला टेकवलेल्या फळीवरून चढत होती. फळी लवत होती. बाई पोटुशी होती. तेव्हाही मला सरांचं वाक्य आठवलं नाही, हे मात्र सांगायला हवं. कष्टाच्या ठिकाणी बाईचं शरीर दिसूच नये इतकं ते आपल्या सवयीचं झालेलं असतं.

सरांचं म्हणणं इतिहासातही टिकणारं नव्हतं. मुंबईच्या पिलू पोचखानवाला (1923 ते 1986) शिल्पकला स्वतःची स्वतः शिकल्या आणि भंगारातलं लोखंड जोडून त्यांनी मोठमोठी शिल्पं केली. मुंबईतच जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जींनी तर छिन्नीचा प्रश्नच ठेवला नाही. तागासारख्या दोराच्या गाठी मारत मारत माणसाच्या उंचीच्या, कधी देवासारख्या तर कधी फुलासारख्या आकृती उभ्या केल्या. पण ही नावं आमच्यापर्यंत पोचली नव्हती. आणि मला ज्यांच्याविषयी खरं बोलायचं आहे त्या शकुंतला कुलकर्णी तर मला फार उशिरा, फोनच्या पडद्यावर भेटल्या.

फेब्रुवारी 2024 ची अखेर. गाळप जोरात होतं, शिवनगरच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग संपत नव्हती. मुंबईत नोकरी करणाऱ्या भाचीनं पॅरिसमधली काही छायाचित्रं पाठवली. डिऑर या फ्रेंच कंपनीचा तिथल्या त्विलरी बागेतला फॅशन शो. भोवताली बारीक अंगाच्या मुली महागडे कोट घालून चालताहेत आणि मंडपाच्या मधोमध वेतानं विणलेली नऊ चिलखतं उभी. खाली भाचीचा निरोप: "आत्या, ह्या बाई आपल्याकडच्या आहेत."

आपल्याकडच्या म्हणजे जन्मानं धारवाडच्या, 1950 सालच्या, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं आणि सगळं काम मुंबईतलं. रंगचित्रं, मुद्राचित्रं, व्हिडिओ असं बरंच काही करत त्या या चिलखतांपाशी आल्या. 2010 ते 2012 या काळात वेतकाम करणाऱ्या कारागिरांना हाताशी धरून त्यांनी ती घडवली आणि 2012 मध्ये मुंबईच्या केमोल्ड प्रेस्कॉट रोड या कलादालनात मांडली. त्या मालिकेचं नाव इंग्रजी आहे. मराठीत सांगायचं तर देह, चिलखतं आणि पिंजरे. चिलखतं त्यांच्या स्वतःच्या अंगाच्या मापाची होती. ती घालून त्या मुंबईच्या रस्त्यांवर, सार्वजनिक जागी उभ्या राहिल्या आणि तशी छायाचित्रं काढून घेतली. तेव्हा त्या साठीच्या होत्या. मला या सगळ्यात ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. शिल्पकलेत बाईचं शरीर म्हणजे विशीचं, फार तर पंचविशीचं. साठीतलं शरीर म्हातारीच्या व्यक्तिचित्रात येतं, तेही सुरकुत्यांसाठी. इथे साठीतली बाई स्वतःच्या खांद्याची, छातीची, कमरेची मापं स्वतः ठरवते, त्याभोवती पिंजरा विणते आणि आत शिरून सरळ तुमच्याकडे पाहते.

वेताची ही चिलखतं पाहताना नजर एकसारखी फसते. दुरून ती दागिन्यासारखी नाजूक वाटतात. मोठे पट्टे, गोल घेर, डोक्यावर शिरस्त्राण. कुठे योद्ध्याचा वेश वाटतो, कुठे राणीचा घागरा. जवळून पाहिलं की लक्षात येतं, वार झाला तर वेत तो अडवणार नाही. वेत लवचिक, आणि विणीत बोट जाईल एवढ्या फटी. म्हणजे हे चिलखत तसं निरुपयोगी. पण घातलेल्या बाईला मात्र ते घट्ट धरून ठेवतं. तिला वाकता येत नाही, हात नीट उचलता येत नाही. रक्षण जेमतेम आणि अडकवणूक पुरेपूर. त्यांनी हे कुठे लिहून लावलेलं नाही, घालून दाखवलं आहे.

पॅरिसच्या शोविषयी मला थोडं नाराज व्हायचा हक्क आहे असं मी समजते. तिथं ती चिलखतं रिकामी उभी होती आणि त्यांच्या भोवतीनं विकायचे कपडे फिरत होते. शोभा वाढली, धार कमी झाली. नाव झालं, जगानं पाहिलं, त्याचा आनंदच आहे. पण मुंबईच्या रहदारीत पिंजरा घालून उभी असलेली ती एकटी बाई मला त्या नऊंपेक्षा भारी वाटते.

त्या दिवशी घरी कामाला येणाऱ्या मावशींना मी फोन दाखवला. मावशींनी चष्मा सारखा करून बराच वेळ पाहिलं. मला वाटलं होतं, हसतील. त्यांनी विचारलं, "बाई, ह्यात खाली बसायचं कसं? अन् बाहेर जायला लागलं तर?" मग पुन्हा पाहून म्हणाल्या, "पण एक हाय, गर्दीत कुणी अंगाला अंग घासणार न्हाई." दोन वाक्यांत चिलखत आणि पिंजरा दोन्ही सांगून त्या भांडी घासायला गेल्या. कलासमीक्षेची मला फार आवड नाही, त्याचं एक कारण हे असावं.

मावशींना ते इतक्या लवकर उमगलं, कारण आमच्याकडे चिलखतं रोजच्या वापरात आहेत. ऊसतोडणीला आलेल्या बायका पाहा. साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा जुना शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. डोक्याला आणि तोंडाला फडकं, फक्त डोळे उघडे. कुणाच्या हातात पायमोजे चढवलेले, कारण उसाच्या पानाची कड पात्यासारखी कापते. हा वेश कुणी शिवून दिलेला नाही, कुणी शिकवलेलाही नाही. प्रत्येकीनं आपल्या अंगाला जिथे जिथे कापलं तिथे तिथे काहीतरी बांधलं आणि वेश तयार झाला. आणि शारदानगरच्या कॉलेजला जाणाऱ्या पोरी? स्कुटीवर पांढरा सनकोट, चेहऱ्याला स्कार्फचे असे वेढे की सख्खा भाऊ ओळखणार नाही, कोपरापर्यंत हातमोजे, वर गॉगल. विचारलं तर सांगतात, ऊन लागतं मॅडम. डिसेंबरच्या सकाळी धुक्यातही तोच थाट असतो, तेव्हा मी विचारत नाही. स्कार्फच्या आत पोरगी मोकळी असते, हवं तिकडे बघते, हवं त्याच्याशी बोलते, बारामतीच्या चौकात तिला कुणी अमक्याची तमकी म्हणून ओळखत नाही. म्हणजे तो स्कार्फ नुसता पिंजराच आहे असं म्हणायला मी धजत नाही. कुलकर्णींच्या वेतातही हाच पेच आहे, म्हणून ते काम मला प्रचाराचं वाटत नाही.

पण शर्ट आणि फडकं जिथे पुरत नाही तिथे काय होतं हेही माळेगावसारख्या उसाच्या गावात राहणाऱ्यानं टाळू नये. तोडणीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल दोघांच्या नावावर, खाडा झाला तर पैसे कापले जातात दोघांचे. पहाटे अंधारात फडात उतरायचं, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत पाणी नाही, बाळंतीण झाली तरी कोपीत पडून राहायची सोय नाही. मग दुखणं अंगावर काढायचं, ते वाढलं की कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक, कटकट संपेल. 2019 मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक. शरीरातून एक अवयव वजा करून ते शरीर कामाच्या मापात बसवायचं. पोकळी इथेही आहे. ती कुणाला दिसत नाही, बाईला मात्र पुढं आयुष्यभर कंबर धरून चालताना कळत असते.

हे असं शेजारी ठेवल्यावर वेताचं नाजूक विणकाम शहरी चोचला वाटेल, अशी मला भीती होती. तसं वाटलं नाही. उलट ते आकडे मी पूर्वी वर्तमानपत्रात वाचले होते आणि पान उलटलं होतं. तो पिंजरा पाहिल्यावर मात्र त्यांच्या आतली बाई मला दिसायला लागली.

आता थोडं कारागिरीबद्दल, कारण तिथे माझा जीव जास्त रमतो. वेत आपल्याकडचा नाही, तो दमट प्रदेशात होतो. आपल्याकडे बांबू, आणि बांबूचं काम बुरडांचं. सूप, रोवळी, टोपली, डालगं. बुरुडाच्या घरातली बाई कामाला बसली की तिचं सगळं अंग अवजार होतं. टोपलीचा तळ पायाच्या अंगठ्याखाली दाबलेला, एका हातानं कामटी ओढायची, दुसऱ्या हातानं आधीची वीण ठोकायची, कधी टोक दातात. घेराचं माप वितीनं, उंचीचं माप कोपरानं. तिच्या टोपलीत तिच्या अंगाची मापं उतरलेली असतात, दुसऱ्या बाईची टोपली वेगळीच होते. कुलकर्णींनी हीच रीत उलटी फिरवली असं मला वाटतं. बुरडीण अंगाच्या मापानं टोपली करते. त्यांनी अंगासाठीच टोपली केली.

घरातली बाईसुद्धा आयुष्यभर आकार घडवत होती. चूल तिनंच घातली, आपल्या पातेल्यांच्या बुडाला जोखून. भिंतीवर थापलेल्या गोवरीत तिची पाच बोटं उमटलेली असत. श्रावणात मातीचे नाग, बेंदराला मातीचे बैल तिनंच मुलांना करून दिले. पण कुंभाराच्या घरात फिरत्या चाकाला मात्र बाईनं हात लावायचा नाही. माती मळायची, वाळवायची, बाजारात विकायची तिनं; चाक त्याचं. शिल्पकार ही पदवी चाकाबरोबर गेली. गोवरीला कुणी शिल्प म्हणेल अशी माझी अपेक्षा नाही, आणि सगळ्या घरकामाला कला म्हणून टाकायची आजची फॅशनही मला खोटी वाटते. चूल घालणं हे कंबर मोडणारं काम होतं, गॅस आला तेव्हा माझ्या आजीनं एकदाही चुलीची आठवण काढली नाही. फरक एवढाच की त्या कामातून हाताला जे कळत होतं ते कळणं कलेत यायला शंभर वर्षं उशीर झाला.

ठाण्यात 1980 मध्ये जन्मलेल्या आणि जे. जे.मध्येच शिकलेल्या प्राजक्ता पोटनीस या पुढच्या पिढीच्या कलावतीकडे पाहिलं की तो उशीर भरून निघतोय असं वाटतं. तिनं फ्रीज, मिक्सर, भाज्या, भिंतीचे पोपडे यांतून काम उभं केलं. 1959 साली निक्सन आणि ख्रुश्चेव मॉस्कोतल्या एका प्रदर्शनात मांडलेल्या अमेरिकन स्वयंपाकघरात उभे राहून भांडले होते. त्या वादाचं नाव तिनं 2014 मध्ये बर्लिनमधल्या आपल्या कामाला दिलं. दोन महासत्तांचे पुरुष ज्या ओट्याशी उभे राहून कुणाची व्यवस्था श्रेष्ठ यावर वाद घालतात, त्या ओट्याशी रोज कोण उभं असतं? फ्रीजरच्या आतल्या बर्फाकडे ती अशी पाहते की तिथे एखादा ओसाड, थोडा भीतिदायक मुलूख दिसू लागतो. फ्रीज उघडून दोन मिनिटं कारण नसताना उभी राहिलेली प्रत्येक बाई तिथे जाऊन आलेली आहे.

माझ्या शाळेतल्या मुलींचं याहून वेगळं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना त्या बसतात, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात. स्मरणचित्राला विषय कुठलाही द्या, बाजार, जत्रा, पाणवठा. चित्रात बाई आली की कमरेवर घागर घेऊनच येते. यांतल्या एकीनंही कमरेवर घागर घेतलेली नाही, घरात नळ आहे. आपण जशा दिसतो, सनकोट, स्कार्फ, पाठीवर सॅक, तसं कुणी काढत नाही. मी एकदा वर्गात म्हटलं, आज स्वतःलाच काढा, स्कुटीवरची. शांतता. एकीनं हळूच विचारलं, "मॅडम, चेहरा झाकलेला काढला तर मार्क कापतील का?" मी म्हटलं, परीक्षक मीच आहे. तिनं काढलेलं चित्र बेताचं होतं, चाकं लंबगोल झाली होती, पण स्कार्फचे वेढे तिनं एकेक करून असे अचूक काढले होते की ते बांधलेल्या हातालाच ते जमावं. ती मुलगी पुढे नर्सिंगला गेली. चांगलं झालं, नोकरी आहे. तिला कुणी माती हातात दिली असती तर काय झालं असतं, हा विचार मात्र माझ्या मनातून जात नाही.

माळेगाव बुद्रुकची आता नगरपंचायत झाली आहे. चौक सुशोभित होतील, पुतळे बसतील, घोडेही येतील, येऊ देत. माझी विनंती वेगळी आहे आणि ती आईबापांना आहे. जे. जे.मध्ये शिल्पकलेचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, तिथे मुलीही शिकतात. तुमची मुलगी बारावीनंतर म्हणाली की मला तिकडे जायचं आहे, तर पोट भरेल का हे जरूर विचारा, तो प्रश्न रास्त आहे. पण तिला वजन उचलवेल का, हे उसाच्या गावात राहून विचारू नका.